याना शेंडा कोनता?

फेब्रुवारीत मोठी माय, म्हणजे माझी थोरली काकू, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जळगावला आमच्याकडे येऊन राहिली. एका डोळ्याचं झालं, पट्टी सुटली आणि चौथ्या दिवसापासून तिला घरात करमेना. नवा डोळा मिळालेलं माणूस कसं असतं ते मी तेव्हा पाहिलं. ती गच्चीत उभी राहून समोरच्या बाईनं वाळत घातलेल्या बिबड्या मोजायची, कॅलेंडरातल्या बारीक तिथीवर बोट ठेवायची (अक्षरओळख जेमतेम, पण एकादशी बरोबर सापडायची) आणि माझ्या केसांतले पांढरे मोठ्यानं जाहीर करायची. शेवटी एका शनिवारी मी तिला सोबत कॉलेजात घेऊन गेले. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये त्या दिवशी कुणी नव्हतं. तिला उंच स्टुलावर बसवलं, तिनं काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला, पातळाचा काठ गुडघ्याखाली दाबून घेतला. आदल्या दिवशीच्या प्रॅक्टिकलची स्लाईड मायक्रोस्कोपखाली तशीच होती, तेलाचा थेंबही पुसायचा राहिला होता. मी म्हटलं, बघ.

आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. सगळ्यांचं तसंच होतं, एम.एस्सी.ला येणाऱ्या पोरांचंही. मग मी तिची मान थोडी मागे घेतली, फोकसची खुंटी केसभर फिरवली, आणि ती एकदम गप्प झाली. निळ्या पसाऱ्यात लाल काड्या. काही सरळ, काही जराशा वाकलेल्या, दोन-तीन एकमेकींवर पडलेल्या, उडवलेल्या धांड्यांसारख्या. "हाई काय शे?" तिनं विचारलं. मी सांगितलं, टीबीचे जंतू आहेत, मेलेले, रंगवून काचेत बंद केलेले. ती डोळा काढेल असं वाटलं होतं. तिनं काढला नाही. "ह्याच शेतस का?" एवढं म्हणून ती बराच वेळ बघत राहिली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग तिनं विचारलं, "याना शेंडा कोनता व, अन् बुडखा कोनता?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "मोठी माय, याला शेंडा-बुडखा काही नसतो. सगळीकडून सारखंच वाढतं ते." घरी तिच्याशी मी अहिराणीतच बोलते. हे उत्तर मात्र तोंडातून वर्गात निघावं तसं प्रमाण मराठीत निघालं. "हाशी काय ऱ्हायनी?" ती म्हणाली, रागावून नाही. "जठे वाढस तठे शेंडा ऱ्हास." मग चष्मा लावला, स्टुलावरून उतरली आणि येताना कॅन्टीनच्या भज्यांविषयी बोलत राहिली.

माझं उत्तर चुकीचं होतं.

रात्री भांडी आवरताना ते लक्षात आलं आणि ताट हातातच राहिलं. मला माहीत नव्हतं असंही नाही. क्षयाचा जंतू टोकांनी वाढतो हे मी दरवर्षी एम.एस्सी.च्या पोरांना फळ्यावर काढून दाखवते. पण जीभ ऐन वेळी इ. कोलायच्या सवयीनं बोलली. आमच्या विषयात हा एक रोगच आहे. जंतू म्हटलं की इ. कोलाय. वीस मिनिटांत दुप्पट होतो, कशावरही वाढतो, चुका माफ करतो, म्हणून शंभरेक वर्षं सगळ्यांनी त्यालाच धरलं, आणि त्याच्याबद्दल जे कळलं ते नकळत सगळ्या जंतूंच्या माथी मारलं. तापीकाठची जमीन बघून अख्ख्या महाराष्ट्राची माती काळीच असते असं म्हणावं, तसं.

इ. कोलायच्या बाबतीत मात्र माझं उत्तर पुष्कळसं खरं होतं. ही काडी वाढते ती पोटातून. तिच्या अंगाभोवती साखरेच्या साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे छोटे प्रथिनांचे टाके अशी एक जाळी असते. काही नॅनोमीटर जाडीची, पण एकसंध, म्हणजे सगळी मिळून एकच रेणू म्हणता येईल अशी. जंतूला साबणासारख्या द्रावणात उकळून आतलं-बाहेरचं सगळं धुवून टाकलं तरी ही जाळी मागे उरते, आणि रिकामी झालेली ती पिशवी काडीचा आकार सोडत नाही. पहिल्यांदा तिचा फोटो बघितला तेव्हा मला आमच्या गोठ्यातलं मुसकं आठवलं. बैल सोडून नेला तरी खुंटीवर टांगलेलं मुसकं बैलाच्या तोंडाएवढंच फुगलेलं असायचं. लहानपणी मी त्यात हात घालून बघायची, आत ओलसर, वैरणीचा आंबूस वास. फरक एवढाच की मुसकं वाढत नाही आणि जंतूला त्याच्या मुसक्यासकट वाढायचं असतं. आतून पाण्याचा दाब सतत भिंत ढकलत असतो. नवीन धागा घालायला जुना टाका तोडावा तर लागतो, पण एका जागी जास्त तुटला की जंतू फुटून मेला. पेनिसिलिन हेच तर करतं, टाके घालणाऱ्याचे हात बांधतं आणि तोडणारा मोकळा सोडतं.

तर हे काम एमआरई-बी नावाच्या प्रथिनाच्या देखरेखीखाली चालतं. आपल्या स्नायूंत जे अ‍ॅक्टिन असतं त्याचं हे जंतूंमधलं भावंड, हे २००१ साली स्पष्ट झालं. त्यानंतर बरीच वर्षं सगळ्यांची समजूत होती की ते जंतूच्या आत लांब स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. पुस्तकांत तशी सुंदर चित्रंही छापली गेली, मीही ती फळ्यावर काढली आहेत. २०११ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी नीट पाहिलं तेव्हा स्प्रिंग नव्हती. होते ते छोटे-छोटे तुकडे, काडीच्या लांबीला आडवे, परिघावर गोल-गोल फिरणारे, आणि त्यांना फिरवत होतं ते भिंतीचं विणकामच. विणकाम थांबवलं की तुकडेही जागच्या जागी थांबत. गावात बुरूड यायचा. डालकी विणताना तो एका जागी उकिडवा बसायचा आणि कामटी मात्र टोपलीभोवती फिरत राहायची. फिरत जाते म्हणून जाडी तीच राहते आणि लांबी वाढते. काडीची दोन्ही टोकं या गडबडीत नसतात. ती एकदा बनली की बनली, आयुष्यभर तशीच.

पोटातून वाढणं म्हणजे काय ते खानदेशात कुणाला समजवायला नको. केळीचं पील (बुडाशी फुटलेला कोंब) कोयत्यानं तिरपं छाटून बघावं. दुपारचा डबा खाऊन परत यावं, तर कापलेल्या चकत्यांच्या बरोबर मधून गाभा बोटभर वर आलेला असतो, ओला, पांढरट, छाटलंच नव्हतं जणू असा. बाबा त्याला "निलाजरं" म्हणायचे. कारण जिथून वाढ होते ती जागा खाली कंदात, जमिनीलगत सुरक्षित बसलेली. वरचं तुम्ही कितीही कापा. कपाशीचं उलटं आहे. तिचा जीव शेंड्यात. वर दोन कोवळी पानं, त्यांच्यात मुगाएवढा ठिपका, तेवढं नखानं खुडलं की झाडाची उंची खलास.

आणि क्षयाचा जंतू कपाशीच्या जातीचा निघाला.

त्याच्याकडे एमआरई-बी नाहीच. त्याच्या काडीचं पोट जुनं, टणक, बदल न होणारं, आणि नवीन भिंत घातली जाते ती फक्त टोकांना. टोक कुठे आहे हे त्याला कसं कळतं, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. त्याचं उत्तर मात्र मला फार आवडतं. त्याच्याकडे वॅग-३१ म्हणून एक प्रथिन आहे, इतर जंतूंमधल्या त्याच्या भावंडांना डिव्ह-फोर-ए म्हणतात. (या क्षेत्रात नावं ठेवणाऱ्यांना खरंच नावं ठेवावीत.) हे प्रथिन भिंतीआड असलेल्या पडद्याच्या आतून हात फिरवत जातं आणि जिथे पडदा आतल्या बाजूनं वाटीसारखा खोल लागतो तिथे बसतं. काडीला खोल वाटी दोनच जागी असते, दोन टोकांना. तिथे ते मुक्काम टाकतं, आपल्यासारख्यांना गोळा करतं, आणि मग भिंत बांधणारे, मेणचट चरबीचा थर देणारे सगळे कारागीर त्याच्याभोवती जमतात. म्हणजे टोक आहे म्हणून ते तिथे बसतं, आणि ते बसलं म्हणून टोक टोक राहतं. हे प्रथिन कमी करत नेलं तर टोकाची वाढ बंद पडते, काडी फुगत जाते आणि तिचा गोटा होतो. आकार असा कुठे लिहून ठेवलेला नसतो. कारागिरांचा मुक्काम उठला की आकारही गेला. मोठी माय लॅबमध्ये म्हणाली होती, जठे वाढस तठे शेंडा ऱ्हास. इतक्या थोड्या शब्दांत मी हे अजून वर्गात सांगू शकलेले नाही.

दोन्ही टोकं सारखी नसतात हे त्याहून गमतीचं. जंतू मधोमध आडभिंत घालून दुभंगतो तेव्हा प्रत्येक लेकीला एक जुनं टोक मिळतं आणि एक कोरं, आत्ताच आडभिंतीतून झालेलं. जुन्या टोकावर मुक्काम आधीपासून पडलेला असतो, तिथली वाढ थांबत नाही. कोऱ्या टोकाला कारागीर जमेपर्यंत थांबावं लागतं. शिवाय आईचं जे टोक जोरात वाढत होतं ते दोघींपैकी एकीच्याच वाट्याला येतं. त्यामुळे एकाच आईच्या दोन लेकी, एकच जनुकं, पण एक भराभर लांबते आणि दुसरी मागे रेंगाळते. क्षयाच्या जंतूचा एक निरुपद्रवी चुलतभाऊ आहे, स्मेग्मॅटिस नावाचा. २०१२ साली त्याच्यावरच हे 'सायन्स'मध्ये आलं, आणि त्याच कामात दिसलं की या बहिणी औषधालाही सारख्या दाद देत नाहीत. इ. कोलाय भावकी वाटून घेताना बऱ्यापैकी समसमान वाटतो. हा मात्र वाटणी करतानाच एक ओली जमीन आणि एक कोरडवाहू करून ठेवतो. क्षयाचं औषध सहा-सहा महिने का घ्यावं लागतं याचं सगळं कारण एवढंच नाही, या जंतूला एकदा दुप्पट व्हायलाच जवळजवळ दिवस लागतो, तो दडून बसतो, आणि बाकीही पुष्कळ आहे. पण सगळे जंतू एका दमात मरत नाहीत, मागे राहणारे राहतात, ही गोष्ट आमच्या घराला 'सायन्स'च्या आधी पंचवीस वर्षं ठाऊक होती.

मोठे आबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मी दुसरीत होते. त्यांना आधी संध्याकाळचा ताप यायचा, मग गळ्याभोवतीची कातडी सैल झाली, मग एकदा खोकल्यात रक्त आलं आणि आजीनं त्यांची खाट खळ्यातल्या खोलीत नेली. त्या खोलीत कापूस भरायचे. वेचणीचे दिवस संपले होते तरी भिंतींना सरकीचा वास होता आणि कोपऱ्यात कापसाची बोंदरं अडकलेली. त्यांचं ताट आणि पेला वेगळा, जर्मनचा. धुऊन तो वेगळ्या कोनाड्यात पालथा ठेवायचा. रोज सकाळी कंपाउंडर सायकलवर यायचा आणि सुई द्यायचा, ती सुई स्ट्रेप्टोमायसिनची होती हे मला फार नंतर कळलं. मोठे आबा म्हणायचे, कानात सारखी शिट्टी वाजते. उभं राहिलं की भिंत धरायचे. आम्हा पोरांना वाटायचं आजारामुळे. आता शिकवताना त्या औषधाच्या दुष्परिणामांच्या यादीत मी "कान आणि तोल" असं लिहिते, आणि दरवेळी खडू जरा थांबतो.

मला त्यांच्या खोलीत जायची मनाई होती, म्हणून मी दाराच्या बाहेर ओट्यावर बसून त्यांना धडा वाचून दाखवायची. ते माझ्या उच्चारांना हसायचे. घरी राहून औषध घेणाऱ्यांच्या घरच्यांना, दवाखान्यात ठेवलेल्यांच्या घरच्यांपेक्षा काही जास्त धोका नसतो, हे मद्रासच्या अभ्यासानं १९६०च्या सुमारासच दाखवलं होतं. औषध नीट चालू असलं की माणसाला असं खळ्यात टाकायची गरज नसते. ते आमच्या गावापर्यंत यायला तीस वर्षंही पुरली नाहीत. आजीला दोष देववत नाही. तिनं दोन दीर त्याच आजारानं जाताना पाहिले होते, सुई नव्हती तेव्हाचे.

श्रावणात घरात कानबाई देवी बसली तेव्हाचं एक आठवतं. रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू काढतात. आजीनं मोठ्या आबांच्या नावाची मूठ काढली, सवयीनं, सगळ्यांच्या आधी, कारण ते थोरले. रोट झाले. पण आमच्याकडे रोट घराबाहेर देत नाहीत, आणि जर्मनचं ताट हातात घेऊन आजी मागच्या दारात उभी राहिली. खळ्यातली खोली घरात धरायची की बाहेर? मला ती आजही तशीच उभी दिसते, एक पाय उंबऱ्यावर. मोठ्या मायनं काही न बोलता तिच्या हातातून ताट घेतलं आणि खळ्यात नेलं. स्वतःचंही नेलं. दोघं दाराशी बसून जेवली, ते दाराच्या आत, ती बाहेर.

चौथ्या महिन्यात त्यांना बरं वाटू लागलं. अंग भरलं, आवाज परतला, कापूस फुटायला आला होता आणि माणसं मिळत नव्हती. ते शेतात उतरले. गोळ्यांची पुडी कोनाड्यात जर्मनच्या पेल्याखाली राहिली. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वर्षभरानं आजार फिरून आला, आणि या वेळी सुईनं काही केलं नाही.

स्ट्रेप्टोमायसिनचं एक मला पचत नाही. ते १९४३ मध्ये सापडलं ते मातीतल्या स्ट्रेप्टोमायसेस नावाच्या जंतूपासून, आणि हा जंतूही टोकानंच वाढतो. क्षयाच्या जंतूचा तो दूरचा भाऊबंद आहे, एकाच मोठ्या कुळातला. त्याच्या टोकावर तेच डिव्ह-फोर-ए बसलेलं असतं. पण हा काडी होऊन थांबत नाही, बुरशीसारखे धागे काढत मातीत पसरतो. मृगाचा पहिला पाऊस काळ्या रानावर पडला की जो वास उठतो आणि सगळे कविता करतात, त्यातला मोठा वाटा याच्या जिओस्मिनचा. मोठे आबा त्या वर्षी खाट दारापर्यंत ओढून घ्यायचे आणि पाऊस आला की डोळे मिटून नाकानं मोठा श्वास घ्यायचे, खोकला येईपर्यंत. एक भाऊबंद छातीत, दुसऱ्याची सुई दंडात, आणि त्याच दुसऱ्याचा वास नाकात. हे सगळं तेव्हा त्या एका खोलीत चालू होतं आणि कुणालाही कल्पना नव्हती.

या स्ट्रेप्टोमायसेसला फांद्या कशा फुटतात ते वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ हिंडून आले. धागा पुढे जात असताना टोकावरच्या त्या मुक्कामातला एक लहानसा तुकडा मागे सुटतो. पुढचा जथा पुढे जातो, हा मागे भिंतीला चिकटून राहतो, आणि काही वेळानं त्याच जागी भिंत फुगून नवीन टोक बाहेर येतं. फांदी दिसण्याच्या आधी फांदीची जागा धरून कुणीतरी बसलेलं असतं. आणि भिंतीचं काम औषधानं अडवलं तर त्याच्यात एएफएस-के नावाचं विकर जागं होतं. या विकरानं जोर केला की शेंड्यावरचा मुक्काम मोडतो, आणि धाग्याला बाजूनं फांद्याच फांद्या फुटतात. हेही २०१२ मधलंच काम. शेंडा अडला की बाजूला फूट. आमच्याकडे पोळ्याच्या आसपास बायका रांगेनं कपाशीत शिरून नखानं हेच करत जातात. जंतूत आणि कपाशीत यामागची यंत्रणा अगदी वेगळी आहे, कपाशीत तो शेंड्यातून खाली उतरणाऱ्या संप्रेरकाचा कारभार, हे मला ठाऊक आहे. तरी अंगावर काटा आला तो आलाच.

कपाशीवरून आठवलं, म्हणून एवढंच. २००२ मध्ये आपल्याकडे परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कपाशीत जे जनुक होतं ते मूळ बॅसिलस नावाच्या, पोटातून वाढणाऱ्या जंतूचं. ते कपाशीत वाहून नेलं अ‍ॅग्रोबॅक्टेरियमनं, आणि तो वाढतो टोकानं, तेही एकाच टोकानं. गंमत म्हणजे क्षयाच्या जंतूच्या अगदी उलट, तो वाढतो नव्या, आडभिंतीतून झालेल्या टोकाकडून. त्याच्याकडेही एमआरई-बी नाही, पण तो या कुळातला अजिबात नव्हे. म्हणजे शेंड्यानं वाढायची युक्ती निदान दोन घराण्यांना स्वतंत्रपणे सुचलेली दिसते. आमच्या गावच्या रानात इतकी वर्षं जे उभं आहे त्यात या दोघांचा असा हात आहे, आणि गुलाबी बोंडअळीनं त्या सगळ्या कर्तबगारीचं पुढे काय केलं ते इथे कुणाला सांगायला नको.

मोठी माय मार्चमध्ये गावी परत गेली. मी तिला फोनवर सांगायचं ठरवत राहिले. पण तिला फोनवर ऐकू येत नाही, "बरं शे ना, बरं शे" म्हणून ती ठेवून देते. आणि खरं सांगायचं तर मलाही धीर होत नव्हता. काय सांगणार होते? की ज्या काड्यांनी तिचा नवरा नेला त्यांना खरंच शेंडा असतो, आणि तो इतका देखणा आहे की त्याच्या फोटोंसाठी मी रात्री जागते? हे फोटो काळ्या पार्श्वभूमीवर असतात. जिथे नवीन भिंत पडते तिथेच रंग चमकतो, त्यामुळे काडीचं अंग अंधारात असतं आणि दोन टोकं तेवढी पेटलेली, एक जास्त, एक कमी. समईच्या दोन वाती. असं काही मनात आलं की लगेच जर्मनचा पेला आठवतो, आणि स्वतःचीच थोडी लाज वाटते. पण पुढच्या वेळी फोटो उघडला की पुन्हा वाती दिसतातच.

पोळ्याला गावी गेले. दुपारी बैल सजवायची धांदल सुरू व्हायच्या आधी मोठी माय रानात होती. मे महिन्यात लावलेली ठिबकवरची कपाशी तिच्या खांद्याला लागत होती, खुडायला जरा उशीरच झाला होता. मी चपला बांधावर ठेवून तिच्या शेजारच्या ओळीत शिरले. ती थांबली नाही. डावा हात फांद्या बाजूला करतो, उजव्याचा अंगठा आणि तर्जनी वरून उतरतात, टक, आणि शेंडा सरीत पडतो. कोवळा, लवदार, दोन पानं अजून न उघडलेली. तिच्या अंगठ्याचं नख काळपट हिरवं झालं होतं आणि भोवती चिकट, कडवट वास. मी खुडलेला पहिला शेंडा बोटभर जास्त खाली तुटला. तिनं न बघता सांगितलं, फळफांदी जाईल, वरून घे.

चार-पाच झाडं झाल्यावर मी सांगितलं. या वेळी अहिराणीत. की त्या दिवशी लॅबमध्ये मी तुला चुकीचं सांगितलं, त्या लाल काड्यांना शेंडा असतो, दोन्ही टोकांना असतो. आणि एक गोळी आहे, एथाम्बुटोल, टीबीवाल्यांना देतात, ती त्या भिंतीतल्या एका साखळीचं काम बंद पाडते. टीबीच्या जंतूच्या एका चुलत कुळावर करून पाहिलं तर टोकांची वाढ थांबते आणि मधली आडभिंत तेवढी पडत राहते. म्हणजे खुडतातच, गोळीनं. मोठ्या आबांचं नाव मी घेतलं नाही. तिनंही घेतलं नाही. ती ऐकत होती की नाही तेही कळेना, कारण हात चालूच होता, टक, टक.

"दोन्ही टोकले?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, हो. एक जुनं, एक नवं. जुनं आधीपासून वाढत असतं, नवं मागून सुरू होतं.

तिचा हात एका झाडावर थांबला. तिनं शेंडा दोन बोटांत धरला होता, अजून तोडला नव्हता. ऑपरेशन झालेला डोळा उन्हात बारीक करून ती माझ्याकडे बघत होती.

"मंग पहिले कोनता खुडशी?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. जुना म्हणणार होते. मग वाटलं, नवा मागून उठतोच की. मग वाटलं, आडभिंत पडतच राहिली तर नवी टोकं तयारच होत राहतील. तिनं उत्तरासाठी फार वाट पाहिली नाही. हातातला शेंडा तोडला, सरीत टाकला, आणि ओळ संपली होती म्हणून वळून पुढच्या ओळीत शिरली. बांधाकडून कुणीतरी तिला हाका मारत होतं, बैलांच्या शिंगांना लावायचा रंग कुठे ठेवलाय म्हणून.